बाबाला येणारी चक्कर

बागेच्या फाटकातून आत शिरल्यावर दहा पावलांत तिघांनी सिस्टरच्या नवऱ्याला हाक मारली आणि सिस्टरला एकानेही नाही. मारणार तरी कोण? हॉस्पिटलात चाळीस खाटांवरून दिवसभर 'सिस्टर, सिस्टर' असा तिच्याच नावाचा पुकारा चालायचा, पण इथे ती नुसतीच सोबत आलेली कुणी बाई होती. किती महिन्यांनी तिला संध्याकाळ मोकळी मिळाली होती. "आज झोके मी देणार," असं तिने घरातूनच बजावून ठेवलं होतं. लेक पुढे धावत होती आणि नवरा पाण्याची बाटली घेऊन गुपचूप मागून येत होता.

झोक्यापाशी रांग होती. लेकीचा नंबर आला, सिस्टरने पदर खोचला आणि झोका द्यायला सुरुवात केली. रांगेतली पोरं मोठमोठ्याने मोजत होती. "अठरा, एकोणीस, वीस!" सगळी एका सुरात ओरडली. सिस्टरचा हात तर आत्ता कुठे बसत होता.

"बसू दे रे तिला अजून थोडं," म्हणत तिने आणखी एक झोका दिला.

"आई, थांब! वीस झाले!" लेक जवळजवळ किंचाळली आणि झोका थांबायच्या आतच उडी मारून खाली उतरली. मैत्रिणींसमोर आईने लाज आणली होती.

बाकावरचे एक आजोबा समजुतीच्या सुरात म्हणाले, "नवीन दिसताय. इथे वीस झोके, मग पुढचा नंबर. हिच्या बाबांनीच लावलीय ही शिस्त. आधी नुसत्या मारामाऱ्या चालायच्या."

"मी आई आहे तिची."

"हो का? अरे वा, छान छान," आजोबा म्हणाले. लांबून आलेल्या पाहुणीला म्हणावं तसं.

सिस्टरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने वळून पाहिलं, तर नवरा गुडघ्यावर बसून कुणाच्या तरी मुलीच्या बुटाची नाडी बांधत होता. त्याच्यामागे आणखी दोघी सुटलेल्या नाड्या घेऊन उभ्या होत्या. तेवढ्यात बाबागाडी ढकलत एक बाई आली आणि तिने लेकीच्या गालाला हात लावला.

"काय गं, उतरला का ताप?"

सिस्टर तरातरा नवऱ्यापाशी गेली. "ताप? हिला कधी आला होता?"

"मंगळवारी. थोडासाच," तो नाडीची गाठ आवळत म्हणाला. "तुझी डबल ड्युटी होती. म्हटलं, उगाच कशाला घोर लावायचा तुझ्या जिवाला. रात्रीतून उतरलासुद्धा."

सगळ्या वॉर्डाचा ताप हिच्या हातून बघितला जात होता, आणि घरातला ताप अख्ख्या बागेला ठाऊक, हिला सोडून! बरं, भांडावं तर तेही जमेना, कारण त्याचं काहीच चुकलं नव्हतं. खरी पंचाईत तीच होती. तिला हेवा वाटत होता. शेजारणीचा नाही, जावेचा नाही, चक्क स्वतःच्या नवऱ्याचा. असलं दुखणं माणूस सांगणार कुणाला?

घसरगुंडीकडे धावताना लेकीचा पाय खडीवरून सरकला आणि ती दाणकन आपटली. गुडघा सोलवटला, रक्त आलं, आणि तिने असा काही सूर लावला की बाग थबकली. सिस्टर चार पावलांवर होती. ती खाली बसली, दोन्ही हात पसरले. लेक उठली, लंगडत आली आणि त्या पसरलेल्या हातांना वळसा घालून थेट बाबाकडे गेली.

नवऱ्याने आधी लेकीकडे पाहिलं, मग बायकोच्या हातांकडे. ते अजून तसेच पसरलेले होते.

"अरे बाप रे, रक्त!" तो एकदम मागे सरकला. "मला चक्कर येते हं रक्त बघून. पळ, आईकडे पळ!"

लेक रडता रडता थांबली. "पण परवा कोपर फुटलं तेव्हा तूच पुसलंस!"

"ते डोळे मिटून पुसलं. तुला कळलं नाही?" म्हणत तो बाकावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले.

लेक मुकाट्याने आईकडे आली. सिस्टरने बाटलीतलं पाणी ओतलं, खडीचा कण न् कण काढला आणि रुमालाची घडी अशी बांधली की गाठीचा काच लागू नये. बघता बघता रडणं दोन हुंदक्यांवर आलं. "हात सराईत आहे हो!" आजोबा म्हणाले. सिस्टर रुमालाचं टोक आत खोचत राहिली. आपल्या नवऱ्याला उभ्या जन्मात कधी चक्कर आलेली तिला माहीत नव्हती. तिच्या बाळंतपणात तो टक्क उघड्या डोळ्यांनी उशाशी उभा होता. म्हणजे लेक आली ती त्याने पाठवली म्हणून आली. तिला मनातून राग आला, तरी तिने लेकीला घट्ट मांडीवर ओढून घेतलं. पाठवलेली का असेना, पण आली होती. तिच्या केसांना धुळीचा आणि घामाचा वास येत होता. सिस्टरला तो पोटभर घ्यायचा होता.

पण लेकीचं लक्ष बाकाकडे होतं. ती मांडीवरून घसरत खाली उतरली आणि लंगडत बाबापाशी गेली. त्याच्या डोळ्यांवरचं एकेक बोट तिने हळूच सोडवलं.

"बघ आता, आईने झाकलंय सगळं. मी आहे ना, तू नको घाबरूस."