पालींची पेटी

दोन पाळीव पाली. सहा बेकार इंजिनिअर. अमेरिकेतल्या एडिसनमधला जानेवारी.

या सहा जणांना गेस्ट हाऊसमध्ये ठेवणाऱ्या कन्सल्टन्सीचे मालक सबनीसकाका त्यांच्यातल्या सिद्धेशला घेऊन पेट शॉपमध्ये शिरले. "तुला प्रोजेक्ट नाही, रिकामाच आहेस. सांग, आमच्या आर्यच्या पालींना कुठली पेटी घेऊ?"

"मोठी घ्या, काका. आत हीट लॅम्प लागतो. गारठल्या तर खाणं सोडतात."

"अरेरे! मग दोन लॅम्प घे. बोलून सांगता येत नाही रे बिचाऱ्यांना."

"काका, आम्ही तर बोलून सांगतोय. गेस्ट हाऊसमध्ये रात्री..."

"मग स्वेटर घाला ना! तुम्ही काय पाली आहात?"

गेस्ट हाऊसचं हीटिंग कुणी वाढवू नये, म्हणून थर्मोस्टॅटवर कुलूपवाली पारदर्शक पेटी काकांनी दिवाळीतच बसवली होती.