चार इंच

टेलरकाकू मापं मोठ्याने सांगायच्या आणि मशीनवर बसलेले काका ती वहीत उतरवायचे. तीस वर्षांत काकूंचं माप चुकलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या पॅन्टचं माप घेताना म्हणाल्या, “उजवी पोटरी चौदा, डावी अठरा.” काकांनी मान वर केली. “अगं, पाय एकाच बाईचे ना?” दुकानातली गिऱ्हाइकं हसली. लिम्फेडेमाने सुजलेल्या डाव्या पायावर मी रोज सकाळी अर्धा तास पट्ट्या गुंडाळते, हे सांगायला जीभ रेटेना. “टेप सरकली असेल काकूंची,” मीही हसले, “दोन्हीकडे चौदाच लिहा.” काकूंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. “असेल बाई, वय झालं माझं.” आठवड्याने, पट्ट्यांवरून चढणारच नाही अशी ती पॅन्ट आणायला खालमानेने गेले. काकूंनी ती उलटी करून डाव्या पायाच्या शिवणीत दुमडून ठेवलेलं जादा कापड दाखवलं. काकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आत माया सोडलीय. चार इंच.”