मळका रणगाडा

नव्या सुनेने हौसेने सासऱ्यांचं काचेचं कपाट आवरायला काढलं. आत जुन्या लढायांतल्या रणगाड्यांच्या वीतवीतभर प्रतिकृती होत्या. सगळेच मळलेले; पहिल्याच्या चाकांत चिखल, अंगभर गंज आणि तोफेच्या तोंडाला काजळी. तिने तो साबणाच्या पाण्यात बुडवला आणि जुन्या टूथब्रशने घासून लख्ख केला.

नवरा घरी आला आणि लख्ख रणगाडा पाहून ओरडलाच. "अगं, तो चिखल बाबांनी खडूची पूड कालवून महिनाभर बसून लावला होता! गंजसुद्धा!"

तेवढ्यात सासरे आलेच. त्यांनी रणगाडा उचलून उजेडात उलटसुलट करून पाहिला.

"बाबा, चुकलं माझं."

सासरे स्वयंपाकघराकडे बघत राहिले. कपाट भरलंय, आता नवा रणगाडा घरात आला तर याद राखा, असा सासूबाईंचा दम होता, आणि तेव्हापासून त्यांचे रंगाचे ब्रश नुसते पडून होते.

मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "हा आता पुन्हा मळवायला घेतो. झाला की त्याच्या शेजारचा धू. फक्त हिच्या कानावर जाऊ देऊ नकोस."