कमरेएवढं कुंपण

तापीमायची आण घेऊन सांगते, अक्षर न् अक्षर खरं आहे! भेस्तानच्या शोभाबाईला अंगणाला बारमाही हिरवं कुंपण लावायचं होतं. नर्सरीवाला म्हणाला, "मासी, अशोक लावा. भिंतच उभी राहील, शेजारचं कुणी डोकावणार नाही."

"मेल्या, मग मी बोलू कुणाशी? कमरेएवढं राहील असं दे."

त्यानं मेंदी दिली. ती अशी माजली, की एका रात्रीत हातभर वाढायची! रोज सकाळी शोभाबाई कात्री घेऊन उभी. पलीकडून शेजारीण चहाचं विचारायची, "मासी, चा पीधी?" मग गप्पा थेट ऊन डोक्यावर येईस्तोवर.

बरं, खरं सांगू? मेंदी तेवढी वाढतेच. शेजारीण मात्र माझ्या पदरची. पलीकडच्या घराला कधीचं कुलूप आहे. तरी शोभाबाई मेंदी कमरेच्या वर जाऊ देत नाही.