ऑपरेशनाआधीचा प्रश्न

सत्त्याण्णव साली उंब्रजच्या शालूबाईनं आपल्या पोराला, शंभूराजला, स्वतःची किडनी दिली. तिसऱ्या महिन्यात त्याचं शरीर ती किडनी झिडकारायला लागलं, तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी परदेशी इंजेक्शनं देऊन त्याची प्रतिकारशक्तीच दाबून टाकली. किडनी वाचली. पोरगं घरी येऊन भाकरी मागून खाऊ लागलं. पण महिन्याभरात ताप चढला, तो उतरेना. छातीचा फोटो काढल्यावर डॉक्टरांनी शालूबाईला एकटीलाच आत बोलावलं.

"टीबी आहे. जंतू जुनेच, लहानपणापासून अंगात पडून राहिलेले. इंजेक्शनांनी अंगातली ताकद गेली आणि ते उठले. टीबीची औषधं द्यावीच लागतील, पण ती किडनीच्या औषधांचा जोर मोडतात. किडनी टिकणार नाही. पोराचंही काही सांगवत नाही. घरात कुणाला टीबी झाला होता का?"

शालूबाईला वाटलं, आता लपवून तरी काय व्हायचंय.

"मला. ह्यो अंगावर पीत व्हता तवा. लय औषीद घेतलं, बरी झाले."

"ऑपरेशनाआधी मी हेच विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

"व्हय म्हनले असते तर माजी किडनी घेतली नसती तुमी."

डॉक्टरांनी फोटो पाकिटात सरकवला.

"घेतली असती, मावशी. फक्त शंभूराजला पहिल्या दिवसापासून जंतू उठू नयेत म्हणून टीबीची साधी गोळी चालू केली असती, किडनीच्या औषधांच्या आड न येणारी. रोज एक."