शेळ्यांची क्लिप

"आमच्यातलाच माणूस फोडून तो व्हिडिओ तुमीच पुसायला लावला, साहेब!" परमेश्वर फोनवर वाळूच्या ठेकेदारावर गरजला आणि फोन आपटला. गेवराईच्या त्या छोट्या न्यूज चॅनलचे सगळे व्हिडिओ तोच सांभाळायचा. समोर भामाबाई बसली होती. तिचा नवरा सटवा शेळ्या घेऊन चालला असताना वाळूच्या टिप्परनं त्याला चिरडलं. त्या अपघाताचं एकमेव शूटिंग चॅनलकडं होतं, तेच आता कायमचं गायब झालं होतं.

"थांबा मावशी, फितूर आत्ता घावतो. कोणी काय पुसलं, ते ह्या सॉफ्टवेअरमधी नावासकट ऱ्हातं," म्हणत त्यानं बटण दाबलं.

नाव आलं. त्याचंच होतं.

परवा पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या व्हिडिओंना कंप्युटरात जागा पुरेना, म्हणून त्यानं फालतू क्लिपा उडवल्या होत्या. एकीच्या वरच्या चित्रात नुसत्या शेळ्या दिसल्या. उघडून बघायची तसदी कोण घेतो?

भामाबाईला अक्षर वाचता येत नव्हतं. ती पदर सावरत स्क्रीनजवळ सरकली.



"कुणाचं नाव हाय रं लेकरा? वाच की मोठ्यानं!"