अस्तोविदादचा फास

"तोंड उघड, पाणी आणलंय," खोरमन म्हणाली आणि लांब दांड्याची लोखंडी पळी तिने दगडांच्या रेघेवरून आत सरकवली.

गोहरने डोळे मिटूनच घोट घेतला. तो तसाच नाकातोंडातून बाहेर आला. शुद्धीसाठीचं गोमूत्र होतं, राख कालवलेलं.

"आई!"

"गिळ गं पोरी. एक घोट तरी गिळ."

"पाणी म्हणालीस तू."

"खरं सांगितलं असतं तर तोंड उघडलं असतंस?"

गावाबाहेरच्या त्या बिनछपराच्या खोलीत गोहर सकाळपासून पडून होती. अंगात ताप, छाती दुधाने दगड झालेली. पहाटे मुलगा झाला तो मेलेलाच, नाळेचे वेढे गळ्याभोवती. "अस्तोविदादचा फास," म्हणत सुईण मागे सरकली होती. माणूस पोटात असतानाच मृत्यूचा हा दैत्य त्याच्या गळ्यात फास अडकवून ठेवतो. ओढतो मात्र सवडीने. गोहरच्या लेकाच्या बाबतीत त्याने घाई केली.

"धर्मगुरू दस्तूर सांगून गेलेत," खोरमन म्हणाली. "मेलेलं मूल ज्या पोटात होतं, तिथे त्या मेल्या दैत्याचा मुक्काम असतो. वर पाणी प्यालीस तर पाणी बाटेल. तीन रात्री कळ काढ. मग मी स्वतः पाजीन."

"बाळंतपणात माझा हात धरून काय म्हणत होतीस? मी आहे ना."

"आहेच की. कुठे गेलेय?"

"रेघेच्या पलीकडे आहेस."

खोरमनने पळी पदराने पुसली. पुसून झाल्यावरही पुसतच राहिली.

"फास त्याच्या गळ्यात होता, आई. मी पाहिला," गोहर म्हणाली. "माझ्या गळ्यातला तूच आवळतेयस."

तेवढ्यात शेजारच्या ओढ्यातून घरचा कुत्रा वर आला. पिवळा, डोळ्यांवर दोन काळे ठिपके. प्रेतावर कुत्र्याची नजर पडली की मृत्यूचा विटाळ हटतो, म्हणून सकाळी याच्याच नजरेखालून बाळाला नेलं होतं. घरात रोज जेवणाआधी पहिला घास याचा, आणि तो भरवायचा गोहरने. आताही तो वेळेवर आला होता. रेघ ओलांडून सरळ तिच्यापाशी गेला आणि उभा राहिला. अंगातून पाणी निथळत होतं.

"त्याला ओढा चालतो?"

"तो पवित्र आहे."

"आणि मी?"



गोहरने कुत्र्याच्या गळ्याखाली ओंजळ धरली. ओले केस मुठीत धरून हलकेच पिळले. ओंजळीत जेमतेम तळ ओला होईल एवढं साचलं. ते तिने चाटलं. मग त्याच्या छातीवर तोंड टेकवलं.

खोरमनने गावाच्या वाटेकडे पाहिलं. वाटेवर कोणी नव्हतं. तिने ओच्यातला भाकरीचा तुकडा काढला आणि जोर लावून ओढ्याच्या पैलतीरावर भिरकावला. कुत्रा पाण्यात झेपावला.

"पुन्हा भिजून येईल हं तो," ती म्हणाली. "अजून आहे भाकरी माझ्याकडे. गोहर? बघ ना इकडे."

गोहर ओंजळ तशीच धरून कुत्र्याची वाट बघत होती.